एम.एस्सी.चा तास गोठ्यात

पंढरपूर तालुक्यातला कुठलाही गोठा घ्या. पहाटेची धार आटोपलेली असते आणि गोठ्यातली बाई कृत्रिम रेतन करणाऱ्याला फोन लावते. "रात्रीपासनं दूध चोरतीय, पण माज काय नीट कळंना बघा." पलीकडून प्रश्न सुरू होतात. बळस दिसतो का? मागचं वेत कधीचं? गेल्या खेपेला उलटली ती किती दिवसांनी? उत्तरं ऐकून तो म्हणतो, "मावशी, सकाळी माज दिसला असंल तर संध्याकाळी भरवू. येतो चारनंतर."

पाच मिनिटांच्या या बोलण्यात प्रजननशास्त्राचा एक अख्खा पेपर होऊन जातो. म्हशीचं एकवीस दिवसांचं ऋतुचक्र त्यात आहे. उन्हाळ्यात म्हैस माजावर येऊनही लक्षणं दाखवत नाही, त्या मुक्या माजाचा प्रश्न आहे. माज ओसरल्यानंतर काही तासांनी अंडपेशी सुटते, म्हणून रेतनाची वेळ मागे ढकलण्याचा हिशेबही आहे. नेमक्या त्याच दिवशी, तिथून सत्तर किलोमीटरवर, सोलापुरात प्राणिशास्त्राची एखादी विद्यार्थिनी हेच चक्र जर्नलमध्ये काढत असते. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर संप्रेरकांची पातळी, चार रंगांच्या चार रेघा. आकृती सुबक येते, सरांची सही होते. फक्त त्या रेघा ज्या जनावराच्या अंगात चढतात-उतरतात, ते जनावर तिने अभ्यासाच्या डोळ्याने कधी पाहिलेलं नसतं. आणि ज्या बाईने पाहिलंय, तिला कोणी कधी वर्गात बोलावलेलं नसतं.

या दोघींची गाठ पडावी, तीही विद्यापीठाच्या वेळापत्रकात आणि श्रेयांक देऊन, एवढीच या लेखाची मागणी आहे. प्रजननशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण मुंबई-पुण्यातच होऊ शकतं हा समज सोलापूरने तरी बाळगायचं कारण नाही. या विषयाला जे लागतं, त्यातलं बरंचसं याच जिल्ह्यात पसरलेलं आहे. फक्त ते वेगवेगळ्या खात्यांच्या कुंपणांत आहे.

त्याचा सगळ्यात सोपा पुरावा पुणे रस्त्यावर आहे. केगावला, महामार्गालगत, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. १ ऑगस्ट २००४ रोजी एका जिल्ह्यापुरतं म्हणून ते सुरू झालं. त्याच केगावात, त्याच ४१३२५५ या पिनकोडात, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. एकाच पोस्टमनने दोन्हीकडची पत्रं टाकावीत इतके हे शेजारी. त्यातला एक फुलाचं फळ कसं होतं आणि का होत नाही याचा अभ्यास करतो. दुसऱ्याच्या छत्राखालच्या महाविद्यालयांत वनस्पतींचं आणि प्राण्यांचं प्रजनन फळ्यावर शिकवलं जातं.

डाळिंबाची गंमत अशी, की त्याच्या एकाच झाडावर दोन तऱ्हांची फुलं येतात. पोट फुगलेलं, सुरईसारखं फूल फळ धरतं. घंटेसारखं निमुळतं फूल नुसतं परागकण देऊन गळून पडतं. सांगोल्याचा बागायतदार त्यांना मादी कळी आणि नर कळी म्हणतो आणि सकाळी बागेत फिरताना पहिलं तेच मोजतो, कारण वर्षाचं उत्पन्न त्या मोजणीवर ठरतं. बहर धरण्यासाठी तो आधी बागेचं पाणी तोडतो. ताण पुरेसा बसला की पानगळ करतो, छाटणी करतो आणि मग पाणी सोडतो. आंबिया, मृग, हस्त यांपैकी कुठला बहर धरायचा, हा पावसाचा, बाजाराचा आणि तेल्या रोगाचा मिळून हिशेब असतो. उपासमारीच्या धोक्याने झाड पानं वाढवायचं सोडून फुलांकडे का वळतं, हा वनस्पतिशास्त्रातला भारदस्त प्रश्न आहे. बागायतदाराच्या तोंडी मात्र त्याला "सेटिंग" हा एकच शब्द आहे.

आता वर्गात काय चालतं ते पाहू. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या जीवशास्त्राची पहिली दोन प्रकरणं प्रजननाचीच आहेत, एक वनस्पतींचं आणि एक प्राण्यांचं. पुस्तक काही लपवत नाही. पण हीच प्रकरणं "घरी वाचून या" म्हणून ओलांडली जातात, हे ज्याने-तिने अनुभवलेलं आहे. बी.एस्सी.ला विकासजीवशास्त्र येतं. त्यात कोंबडीच्या भ्रूणाच्या स्लाइड येतात: चोवीस तासांचा, तेहतीस तासांचा, अठ्ठेचाळीस, बहात्तर. काचेवर पक्के केलेले, गुलाबी रंगवलेले हे भ्रूण कित्येक ठिकाणी विद्यार्थ्यांपेक्षा वयाने मोठे असतात. स्पॉटिंगला स्लाइड ओळखली की गुण मिळतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचं विच्छेदन कमी करत नेण्याचं धोरण दिलं आणि २०१४ मध्ये ते थांबवायला सांगितलं. बेडकांच्या आणि उंदरांच्या दृष्टीने हे उत्तमच झालं. पण मोकळ्या झालेल्या तासांमध्ये बहुतेक ठिकाणी तक्ते आणि चित्रफिती आल्या. जिवंत गोष्ट न मारता पाहण्याचे मार्ग आले नाहीत. खरं तर त्याला फार काही लागत नाही. फलित झालेली गावरान अंडी आणि साडेसदतीस अंशांवर स्थिर राहणारी एक उबवणपेटी पुरते. तिसऱ्या दिवशी कवचाला छोटी खिडकी पाडली की पिवळ्या बलकावर रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं आणि मधोमध धडधडणारा लाल ठिपका. ते एकदा पाहिलेला विद्यार्थी बहात्तर तासांची स्लाइड विसरत नाही. दुकानातली ट्रेमधली पांढरी अंडी या प्रयोगाला चालत नाहीत. ती फलित नसतात, आणि असं का, हे समजणं हाही धड्याचाच भाग झाला.

एम.एस्सी.ला प्रजननाचं शरीरशास्त्र, अंतःस्रावी ग्रंथी आणि विकासजीवशास्त्र पुन्हा भेटतात, अधिक तपशिलात, पण पुष्कळदा त्याच फळ्यावर. पीएच.डी.ला आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क करावं लागतं. त्यात संशोधनपद्धती आणि संशोधनाची नीतिमत्ता असते, आणि ती असायलाच हवी. मात्र भ्रूणावर काम करणारा, मराठी वाङ्मयाचा आणि वाणिज्याचा असे तिन्ही विद्यार्थी एकाच हॉलमध्ये एकच पॉवरपॉइंट पाहतात, तेव्हा बारा श्रेयांक भरतात खरे. हात मात्र कोरडेच राहतात.

प्रजननशास्त्रात हात महत्त्वाचे असतात, आणि ते कुठल्या विद्याशाखेचे आहेत याला फारसं महत्त्व नसतं. या विषयाचा इतिहासच तसं सांगतो. महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईतल्या परळचं. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात हर्षा नावाची मुलगी जन्मली. देशातली शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेली ती पहिली टेस्ट ट्यूब बेबी. बातम्यांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांचं नाव गाजलं आणि ते योग्यच होतं. पण त्यामागची रचना फारशी कोणी सांगत नाही. हिंदुजा स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. त्यांच्यासोबत होते डॉ. टी. सी. आनंद कुमार, परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक. ते जीवशास्त्रज्ञ होते, रुग्ण तपासणारे डॉक्टर नव्हते. शरीराबाहेरचं फलन आणि भ्रूणाचं रोपण या विषयावर हिंदुजांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. म्हणजे त्या ऐतिहासिक बाळंतपणामागे एक प्रबंध होता. शस्त्रक्रियेचा हात आणि प्रयोगशाळेचा हात एका टेबलावर आले, कारण रुग्णालय आणि संशोधन संस्था यांच्यात चालत जाण्याएवढंच अंतर होतं आणि ते अंतर चालण्याची इच्छा दोन्हीकडे होती.

कोलकात्याची कथा याच्या उलट आहे. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, इंग्लंडची लुईस ब्राऊन, हिच्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, तिथे दुर्गा जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय शरीरक्रियाशास्त्राचे माणूस. कोलकात्याची एक आणि एडिंबरोची दुसरी, अशा प्रजननाशी निगडित दोन पीएच.डी. त्यांच्याकडे होत्या. त्यांच्या जोडीला एक स्त्रीरोगतज्ज्ञ होते आणि गोठवण्याचं तंत्र जाणणारे सुनीत मुखर्जी होते. हे मुखर्जी जादवपूर विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान शिकवत. भ्रूण गोठवून पुढच्या मासिक चक्रात गर्भाशयात ठेवायचा, हा आज जगभर रूढ झालेला मार्ग या तिघांनी तेव्हा धरला होता. सरकारी समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला. पुढे मुखोपाध्यायांची बदली नेत्ररोग संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आयुष्य संपवलं. त्यांच्या वह्या वाचून, "पहिले ते, आम्ही नव्हे," असं १९९७ मध्ये लेख लिहून जाहीर करणारे होते तेच टी. सी. आनंद कुमार. हा लेख म्हणजे स्वतःचा मान स्वतःच्या हाताने खाली ठेवणं होतं. संशोधनाच्या नीतिमत्तेचं कोर्सवर्क याहून चांगल्या कुठल्या गोष्टीने सुरू करता येईल?

लुईस ब्राऊनमागचे रॉबर्ट एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल मिळालं. ते आधी शेतीशास्त्र शिकले, मग प्राणिशास्त्र, आणि एडिंबरोत त्यांनी उंदरांच्या भ्रूणांवर पीएच.डी. केली. त्यांच्या प्रयोगशाळेचा सगळा रोजचा कारभार सांभाळणाऱ्या जीन पर्डी परिचारिका म्हणून शिकलेल्या होत्या. लुईसचा भ्रूण दुभंगताना पहिल्यांदा पाहिला तो त्यांनीच. पर्डी १९८५ मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी गेल्या. एम्ब्रिऑलॉजिस्ट (भ्रूणतज्ज्ञ) ही आजची नोकरी शोधायची झाली तर तिचा उगम त्या सूक्ष्मदर्शकाशी सापडतो.

गोठवलेल्या रेताची कथा तर थेट आपल्या गोठ्यापर्यंत येते. लंडनमधल्या मिल हिलच्या संस्थेत क्रिस्तोफर पोल्ज नावाचा शेतीशास्त्र शिकलेला तरुण कोंबड्याचं रेत गोठवून पुन्हा जिवंत करण्याच्या खटपटीत होता. साखरेच्या द्रावणाने काही जमेना. एके दिवशी एका बाटलीने अचानक यश दिलं. नवं द्रावण करून पाहिलं तर पुन्हा अपयश. मग जुन्या बाटलीतला उरलेला थेंब तपासायला पाठवला, तेव्हा कळलं की चिठ्ठीच चुकलेली होती. आत साखर नव्हतीच, ग्लिसरॉल होतं. हे १९४९ मध्ये प्रसिद्ध झालं. आज पाव मिलिलिटरच्या कांडीत, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून जे रेत पंढरपूरच्या वाडीवस्तीवर पोचतं, त्याच्या मुळाशी ती चुकीची चिठ्ठी आणि ती चूक शोधून काढण्याचा हट्ट आहे. महाराष्ट्रात हे तंत्र शेतकऱ्याच्या दारात नेण्याचं मोठं काम उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उभ्या केलेल्या 'बाएफ'ने केलं. आणि शहरातल्या वंध्यत्व केंद्रात भ्रूण ठेवतात ती टाकीही द्रव नायट्रोजनचीच असते. टाकी तीच, तापमान तेच, झाकण उघडल्यावर येणारी पांढरी वाफही तीच.

एवढं सगळं सांगायचं कारण असं, की आता कायद्यालाही या शिक्षणाची गरज लागली आहे. सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ मध्ये झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याच्या नियमांनी केंद्रांचे स्तर ठरवले आणि एम्ब्रिऑलॉजिस्ट कोण होऊ शकतो हेही लिहून ठेवलं. पदव्युत्तर शिक्षण हवं आणि त्यावर मानवी प्रयोगशाळेतला काही वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव हवा. या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या पशुवैद्यालाही हे दार उघडं आहे. जीवशास्त्राच्या किंवा जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.लाही आहे, पण पूर्णवेळ प्रशिक्षण आणि अनुभवाच्या अटीवर. पूर्वी कुठल्याही पदवीधराला चार महिने शिकवून प्रयोगशाळेत उभं करता येई, ते दिवस सरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. सोलापूर, बार्शी, अकलूजसारख्या गावांतही केंद्रांच्या पाट्या दिसतात. तिथे लागणारी प्रशिक्षित माणसं कुठून येणार? मणिपालसारख्या ठिकाणी क्लिनिकल एम्ब्रिऑलॉजीची एम.एस्सी. आहे, पण हातमागावरच्या, विड्या वळणाऱ्या किंवा जिरायती घरातल्या मुलीला तिथला खर्च परवडेलच असं नाही.

मग सोलापुरात काय करता येईल? मुंबईची नक्कल करू नये, एवढं पहिल्यांदा ठरवावं. इथल्या अभ्यासक्रमाच्या चार खोल्या असाव्यात: गोठा, बाग, माळ आणि दवाखाना. चारही आधीपासून उभ्या आहेत.

बागेबद्दल आणि गोठ्याबद्दल वर आलंच. पंढरपुरी म्हैस ही या जिल्ह्याची स्वतःची जात. तलवारीसारखी लांब शिंगं, काटक अंग आणि वेळेवर गाभण राहण्याची ख्याती. कोल्हापूरच्या दूधकट्ट्यांवर याच म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात. रहदारीत, अनोळखी माणसांत पान्हा सोडणं प्रत्येक जनावराला जमत नाही. पान्हा सोडायला लावणारं ऑक्सिटोसिन आणि बाळंतपणात गर्भाशय आकुंचित करणारं ऑक्सिटोसिन एकच. घाबरलेलं जनावर दूध चोरतं आणि प्रसूतिकक्षात बाईला घाबरवू नये असं सांगतात, यामागे बरंचसं एकच शरीरशास्त्र आहे. हे कट्ट्यावर उभं राहून शिकवता येतं.

माळाची गोष्ट नान्नजची. शहरापासून वीसेक किलोमीटरवरच्या या गवताळ रानामुळे १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झालं, कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. २०१२ मध्ये ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. पक्षी मात्र त्याहून वेगाने घटले. आता तिथे एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. मादी एका खेपेला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्यावर. एवढ्या संथ प्रजननाच्या पक्ष्याला कुत्री, विजेच्या तारा आणि नांगर परवडत नाहीत. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं माळढोकचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. त्यासाठी रामदेवरा केंद्रातल्या 'सुदा' नावाच्या नराला महिनोन्महिने नकली मादीची सवय लावली होती. त्याचं रेत सुदासरी केंद्रातल्या 'टोनी' या मादीपर्यंत रस्त्याने नेलं गेलं. जे तंत्र पंढरपूरच्या गोठ्यात रोज चालतं, त्याच्याच चुलत भावाने माळढोकला एक पिल्लू दिलं. नान्नजच्या माळावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला हा धागा दिसला, तर संवर्धनाचा पेपर आणि प्रजननाचा पेपर वेगळे राहत नाहीत.

दवाखाना म्हणजे १९६३ मध्ये सुरू झालेलं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं सर्वोपचार रुग्णालय. सोलापुरातल्या बायकांच्या शरीरावर इथल्या धंद्यांच्या खुणा असतात. विड्या वळणाऱ्या हजारो कामगार बायका दिवसभर तंबाखूत हात घालून बसतात. ओढली नाही तरी तंबाखू त्वचेतून आणि श्वासातून आत जातेच. गरोदरपणी याचा अर्थ काय होतो, हा इथल्या प्रयोगशाळेचा प्रश्न आहे. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांवर मराठवाड्यातून ऊसतोड कामगार येतात. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. गर्भपिशवी म्हणजे मुलं झाल्यावर निरुपयोगी झालेली थैली, असं ज्यांना सांगितलं गेलं, त्यांना अंडाशय काय करतं हे कोणी सांगितलं होतं का? एम.एस्सी. झालेली मुलगी डॉक्टर नसते. पण फडावर जाऊन एवढं सोप्या मराठीत सांगणं तिला यायला हवं, आणि त्याचेही गुण असायला हवेत.

भाषेचा मुद्दा सोलापुरात आणखी टोकदार होतो. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शहरात उर्दू आणि दखनी. वंध्यत्व केंद्रात नवरा-बायकोपुढे संमतिपत्रांचा गठ्ठा येतो. उरलेल्या भ्रूणांचं काय करायचं, दात्याची अंडपेशी चालेल का, भ्रूण किती वर्षं गोठवून ठेवायचे. सही करणाऱ्याला शब्दच कळले नाहीत तर संमती कसली? हे ज्ञान लोकांच्या भाषेत सांगण्याचा या राज्याला जुना वारसा आहे. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक. आधी नोकरी गेली, तरी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढत राहिले, खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. कर्व्यांचा आग्रह सगळा हाच होता, की हे ज्ञान साध्या मराठीत आणि आडपडद्याविना मिळावं.

या चार खोल्यांपैकी दोन जरी एका दिवसात जोडल्या, तर कोर्सवर्कमध्ये प्रश्न आपोआप उभे राहतात. समजा, सकाळी विद्यार्थी गोठ्यात गेले. तिथे लिंगनिश्चित रेताची कांडी पाहिली. रेडी होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास, आणि त्यासाठी सरकारी अनुदान. एक्स गुणसूत्र वाहणाऱ्या शुक्रपेशीत डीएनए किंचित जास्त असतो, रंग लावून लेझरखाली तो फरक ओळखतात आणि पेशी वेगळ्या काढतात, हे तंत्रही त्यांना समजलं. दुपारी तेच विद्यार्थी रुग्णालयात आले आणि सोनोग्राफीच्या खोलीबाहेरची "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ही पाटी वाचली. सकाळी ज्याला अनुदान, दुपारी त्याला तुरुंग. अशी बंदी घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ चा नंतर आला. म्हशीच्या बाबतीत चालतं ते माणसाच्या बाबतीत का चालत नाही, यावर वर्गात तासभर भांडण होऊ द्यावं. नीतिमत्तेच्या पेपरात ते कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त शिकवून जाईल.

आक्षेप येतीलच. पहिला पैशाचा. मानवी भ्रूणांची प्रयोगशाळा महाग असते हे खरं. गाळलेली हवा, कार्बन डायऑक्साइडच्या पेट्या, सूक्ष्म सुया लावलेले सूक्ष्मदर्शक, शिवाय सोलापूरचा उन्हाळा आणि वीज. पण शिकणं तिथून सुरू होत नाही. रेताची तपासणी साध्या सूक्ष्मदर्शकाने आणि मोजणीच्या काचेने शिकता येते. जागतिक आरोग्य संघटनेची त्याची पुस्तिका १९८० पासून आहे आणि तिची सहावी आवृत्ती २०२१ मध्ये निघाली. अंडपेशी हाताळण्याचा सराव जगभर जनावरांच्या अंडाशयांवर करतात. १९९० मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत जन्मलेलं 'प्रथम' हे शरीराबाहेरच्या फलनातून झालेलं म्हशीचं जगातलं पहिलं रेडकू, आणि ते आपल्याच देशातलं. हात बसल्यावर, कायद्याच्या चौकटीत, नोंदणीकृत केंद्रात देखरेखीखाली पुढचं. विद्यार्थ्यांनी मानवी भ्रूणांवर हात साफ करावा असं कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप खात्यांचा. विद्यापीठ उच्च शिक्षणाचं, वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं, म्हशी पशुसंवर्धनाच्या, डाळिंब दिल्लीच्या परिषदेचं, माळढोक वन विभागाचा. पाच खाती, पाच सह्या. पण अशी कुंपणं ओलांडता येतात. अमेरिकेत वुड्स होलला १८९३ पासून भ्रूणशास्त्राचा उन्हाळी वर्ग भरतो आणि १९९८ पासून प्रजननशास्त्राचा सहा आठवड्यांचा वेगळा वर्ग चालतो. तिथे डॉक्टर, पशुवैद्य आणि जीवशास्त्रज्ञ शेजारी बसून एकच प्रयोग करतात. ते कोणा एका विद्यापीठाचं काम नाही. सोलापुरात असा उन्हाळी वर्ग मे महिन्यात भरवणं क्रूर ठरेल. दिवाळीनंतरचे सहा आठवडे मात्र हवा उत्तम असते, हस्त बहराची फळं वाढत असतात आणि म्हशींचे माजही स्पष्ट दिसतात.

आणि निदान सुरुवातीला तरी नव्या पदवीची, नव्या इमारतीची गरज नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात दुसऱ्या सत्राला ऑन जॉब ट्रेनिंगचे चार श्रेयांक आहेत, म्हणजे साधारण १२० तास. विद्यार्थी त्याला ओजेटी म्हणतात. आज ते तास पॅथॉलॉजी लॅबमध्ये, मत्स्यबीज केंद्रावर, कधी नुसत्या प्रमाणपत्रावर भागतात. प्रत्येक महाविद्यालयाच्या नोटीस बोर्डावर ओजेटीच्या ठिकाणांची यादी लागते. त्या यादीत एक पशुवैद्यकीय दवाखाना, केगावचं डाळिंब केंद्र, नान्नजचं वनक्षेत्र आणि सर्वोपचार रुग्णालयाचा स्त्रीरोग विभाग, प्रत्येकी तीस तास, अशी चार नावं घालायची आहेत. प्रत्येक ठिकाणी पत्र न्यायला एक प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांना न्यायला एक एसटी पुरेल. दुसरं सत्र डिसेंबर-जानेवारीत सुरू होतं. यादी तयार करायला त्याआधी चांगले चार महिने हातात असतात, आणि पंढरपूरच्या त्या बाईचा फोन नंबर रेतन करणाऱ्याकडे आहेच.